तारुण्यपीटिका आणि एक उग्र औषध

कांहीं रोगांचीं नांवेंच त्यांच्याविषयीं गैरसमज पसरवितात. तोंडावर येणाऱ्या पुटकुळ्यांना मराठींत तारुण्यपीटिका म्हणण्याचा प्रघात आहे. सुश्रुतसंहितेनें त्यांना मुखदूषिका म्हटलें, सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली आणि त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली. नांव सांगतें कीं हा तरुणांचा रोग. वर्ग सांगतो कीं हा किरकोळ रोग. पिढ्यान् पिढ्या या दोन समजुतींवरच घराघरांतून कारभार चालला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना वडील माणसें सांगत आलीं कीं, वय सरलें म्हणजे पुटकुळ्याहि जातील. आणि वय सरूनहि त्या गेल्या नाहींत तर, लग्न झालें म्हणजे जातील.

परंतु सर्वांच्याच त्या जात नाहींत. अमेरिकेंत २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत वीस वर्षांवरील हजाराहून थोड्या अधिक स्त्रीपुरुषांना या रोगाविषयीं विचारण्यांत आलें. विशींतल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५१ जणींनीं, तिशींतल्यांपैकीं ३५ जणींनीं आणि चाळिशींतल्यांपैकीं २६ जणींनीं आपणांस अजून हा त्रास असल्याचें सांगितलें. पुरुषांत हेंच प्रमाण विशींत सुमारें ४२, तिशींत २० आणि चाळिशींत १२ असें उतरत गेलें. हीं उत्तरें लोकांनीं स्वतः दिलेलीं आहेत, कोणी वैद्यानें तपासून लिहिलेलीं नाहींत, हें ध्यानांत ठेविलें तरी एक गोष्ट उघड होते: प्रौढपणींचा हा रोग अपवाद नाहीं, आणि त्याचा भार स्त्रियांवर अधिक पडतो.

त्या भाराचें वजन किती, याविषयीं वैद्यकांत फार काळ मौन होतें. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ मॅरिअन सल्झबर्गर यांनीं १९४८ सालींच आपल्या व्यवसायबंधूंना बजावलें होतें कीं, मनाला इतका घायाळ करणारा दुसरा रोग क्वचितच सांपडेल. त्यानंतर अर्ध्या शतकानें, १९९९ सालीं, ब्रिटनमधील एका अभ्यासांत या रुग्णांच्या मानसिक व सामाजिक हालांची तुलना दमा, अपस्मार, मधुमेह, संधिवात यांसारख्या जुनाट रोगांनीं पीडलेल्यांशीं करण्यांत आली, आणि पारडें जवळजवळ समतोल निघालें. ज्या रोगानें कोणी मरत नाहीं तो रोग हलका, हा हिशेब चुकीचा ठरला. अशा रोगावर उग्र औषध द्यावें कीं न द्यावें, आणि त्याचा धोका कोणीं पत्करावा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका औषधाच्या निमित्तानें जितका तीव्र झाला तितका पूर्वीं कधीं झाला नव्हता. त्या औषधाचें नांव आयसोट्रेटिनॉइन.

उग्र उपाय त्यापूर्वींहि होते. इंग्लंडमधील टॉमस फौलर यांनीं १७८६ सालीं प्रसिद्ध केलेलें सोमलाचें द्रावण एकोणिसाव्या शतकांत त्वचेच्या नाना विकारांवर पोटांत देण्यांत येई. राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लाविल्यावर थोड्याच वर्षांत ते किरण तारुण्यपीटिकांवर सोडले जाऊं लागले, आणि पुष्कळांचे चेहरे त्यामुळें स्वच्छहि झाले. पुढें कित्येक वर्षांनीं अशा कांहीं रुग्णांच्या गळ्यांतील ग्रंथींत कर्करोग आढळला, तेव्हां तो उपचार मागें पडला. या उपायांत दोष पुष्कळ होते. पण ते देणाऱ्या वैद्यांना त्यांची पुरती कल्पना नव्हती, एवढी सबब तरी त्यांच्यापाशीं होती. आयसोट्रेटिनॉइनच्या बाबतींत ती सबबहि उरत नाहीं. त्याचा धोका आधीं कळला होता. औषध मागाहून आलें.

या कथेचा आरंभ ध्रुवप्रदेशांत होतो. विलेम बारेंट्स याची डच तुकडी १५९६ सालच्या हिवाळ्यांत नोव्हाया झेम्ल्या बेटावर बर्फांत अडकून पडली. लांकडाची झोंपडी उभारून त्या लोकांनीं तो भयंकर हिवाळा काढला. १५९७ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांनीं मारलेल्या एका पांढऱ्या अस्वलाचें यकृत शिजवून खाल्लें. तें खाऊन सगळेच आजारी पडले, आणि तिघांची अवस्था तर अशी झाली कीं, डोक्यापासून पायांपर्यंत त्यांची कातडी सोलून निघाली. सुदैवानें ते वांचले. तुकडींतील खेरिट द फेर यानें ही हकीकत आपल्या रोजनिशींत नोंदवून ठेविली, आणि पुढें साडेतीनशें वर्षें ती प्रवासवर्णनांतील एक नवल म्हणून राहिली.

त्या नवलाचा उलगडा १९४३ सालीं झाला. नॉर्वेचे कोरे रोडाल आणि केंब्रिजचे टॉमस मूर यांनीं अस्वलाच्या व सीलच्या यकृताचें पृथक्करण करून दाखविलें कीं, त्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाचा सांठा इतका प्रचंड असतो कीं तें विषासमान ठरावें. ज्या पदार्थाच्या अभावीं रातांधळें येतें, ज्यासाठीं मुलांना माशाच्या यकृताचें तेल पाजण्यांत येतें, तोच पदार्थ अति झाला म्हणजे कातडी सोलून काढतो. योगायोग असा कीं, याच १९४३ सालीं अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांतील अॅस्टोरिया गांवचे डॉक्टर जॉन स्ट्राउमफ्योर्ड यांनीं तारुण्यपीटिकांच्या रुग्णांना ‘अ’ जीवनसत्त्वाचीं रोज एक लक्ष एककें देऊन त्यांचे चेहरे सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. प्रौढ माणसाची नित्याची गरज आज सुमारें तीन हजार एककांची मानतात. म्हणजे ही मात्रा तिच्या तीसपटींहून अधिक झाली. एकाच वर्षीं एका प्रयोगशाळेंत त्या द्रव्याचें विष सिद्ध व्हावें आणि दुसऱ्या ठिकाणीं त्याचा गुण प्रत्ययास यावा, हा विरोधाभास वरवरचा होय. त्वचेच्या पेशींची वाढ आणि झीज यांवर त्या द्रव्याची जी सत्ता चालते, तिचीच हीं दोन रूपें होतीं.

ही सत्ता त्वचेपुरती मर्यादित नाहीं, हेंहि हळूहळू कळूं लागलें होतें. टेक्सासमध्यें फ्रेड हेल यांनीं एका डुकरिणीला ‘अ’ जीवनसत्त्वावांचूनचा आहार दिला; तिला झालेल्या अकरा पिलांपैकीं एकालाहि डोळ्यांचीं बुबुळें नव्हतीं. ही नोंद १९३३ सालची. त्यानंतर वीस वर्षांनीं, १९५३ सालीं, न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी कोलन यांनीं उलट बाजू दाखविली: गाभण उंदरिणींना हें जीवनसत्त्व अतिरिक्त दिलें तर पिलें व्यंग घेऊन जन्मतात. आज याचें कारण ठाऊक आहे. गर्भाचा देह घडत असतां कोणत्या पेशीनें कोठें जावयाचें आणि काय व्हावयाचें, याचे कांहीं हुकूम रेटिनॉइक आम्ल या द्रव्याच्या द्वारें दिले जातात. आणि तें आम्ल शरीर ‘अ’ जीवनसत्त्वापासूनच तयार करतें. हुकूम आलाच नाहीं तरी घडण बिघडते, आणि नको तेथें, नको तेव्हां, दसपट मोठ्या आवाजांत आला तरीहि बिघडते.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथें हॉफमन-ला रोश या कंपनीच्या प्रयोगशाळांत या जीवनसत्त्वाच्या कुलांतील शेंकडों द्रव्यें तयार होत होतीं. वर्नर बोलाग हे तेथील संशोधक त्यांत कर्करोगावरील औषध शोधीत होते. त्या द्रव्यांपैकीं एक होतें आयसोट्रेटिनॉइन. तें रेटिनॉइक आम्लाचेंच एक जुळें भावंड, घटक तेच, जोडणी किंचित् निराळी. अमेरिकेंत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत गॅरी पेक हे त्वचारोगतज्ज्ञ तें औषध जन्मजात खवलेदार त्वचेच्या दुर्मिळ रुग्णांना देऊन पाहत होते. पुढें त्यांनीं तें अत्यंत हट्टी, गांठींच्या तारुण्यपीटिका असलेल्या रुग्णांवर योजिलें. १९७९ च्या फेब्रुवारींत त्यांचा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या साप्ताहिकांत आला. रुग्ण चौदाच होते. कोणत्याहि औषधाला दाद न देणारे. चार महिने औषध घेतल्यावर त्यांपैकीं तेरा जणांचा रोग पार नाहींसा झाला, चौदाव्याचा तीन चतुर्थांश हटला. आणि औषध बंद केल्यावरहि रोग परतला नाहीं. कांहींच्या बाबतींत वीस महिने लोटले तरी परतला नाहीं.

हें शेवटलें वाक्य त्वचारोगतज्ज्ञांनीं पुन्हां पुन्हां वाचलें असेल. टेट्रासायक्लीनसारखीं प्रतिजैविकें १९५० नंतर या रोगावर वापरांत आलीं होतीं. पण तीं चालूं असेतों रोग दबून राही, आणि बंद केलीं कीं डोकें वर काढी. या नव्या औषधाचा घाव मुळावर होता. त्यामुळें त्वचेंतील तैलग्रंथि आक्रसून जातात आणि तेलाचा स्राव नव्वद टक्क्यांपर्यंत खालीं येतो. रोमरंध्रांच्या तोंडाशीं मृत पेशी चिकटून बुच बसण्याचें थांबतें. आणि तेलावर पोसणारे जंतु उपाशी पडतात. किंमत मात्र पहिल्या आठवड्यापासून चुकवावी लागते. ओंठ फुटणें हें तर इतकें नेमानें घडतें कीं, ओंठ फुटले नाहींत तर रोगी औषध घेतो आहे कीं नाहीं अशी शंका यावी. डोळे कोरडे पडतात, नाकांतून रक्त येतें, सांधे व स्नायु दुखतात, रक्तांतील चरबी वाढते, यकृतावर ताण पडूं शकतो, म्हणून रक्त तपासावें लागतें. बारेंट्सच्या खलाशांच्या दुखण्याचीच ही सौम्य आणि आवरलेली आवृत्ति होय.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें या औषधाला १९८२ च्या मे महिन्यांत परवानगी दिली, आणि अॅक्युटेन या नांवानें तें सप्टेंबरांत बाजारांत आलें. परवानगी होती ती केवळ गांठींच्या, इतर उपायांना न जुमानणाऱ्या तीव्र रोगासाठीं. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रशासनापुढें होते, आणि म्हणूनच गर्भवतींना पूर्णपणें वर्ज्य अशा औषधांच्या वर्गांत तें पहिल्या दिवसापासून घातलेलें होतें. माहितीपत्रकांत इशारा छापलेला होता. आणि तरीहि १९८३ च्या उन्हाळ्यांत व्यंग असलेल्या अर्भकांच्या पहिल्या वार्ता येऊन पोहोंचल्या.

ऑक्टोबर १९८५ मध्यें एडवर्ड लॅमर व त्यांचे सहकारी यांनीं अशा १५४ गर्भधारणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ९५ स्त्रियांनीं गर्भपात करवून घेतला. १२ गर्भ आपोआप पडले. २६ मुलें मोठ्या व्यंगावांचून जन्मलीं. आणि २१ मुलांत व्यंगें आढळलीं. कान अगदीं लहान किंवा मुळींच नाहींत, जबडा आंखूड, हृदयांतून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची रचना चुकलेली, मेंदूची वाढ बिघडलेली, असा त्या व्यंगांचा एक ठराविक सांचा होता. ज्या ३६ गर्भधारणांचा मागोवा आरंभापासून घेतां आला त्यांत या विशिष्ट व्यंगांचा धोका नेहमींच्या पंचवीसपटींहून अधिक भरला. हे अवयव गर्भांत ज्या आठवड्यांत घडूं लागतात, त्या आठवड्यांत पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती आहों हेंच ठाऊक नसतें.

येथें थॅलिडोमाइडची आठवण होणें अपरिहार्य होतें. पश्चिम जर्मनींत १९५७ सालीं झोंपेचें निर्धोक औषध म्हणून विकावयास आलेल्या त्या गोळ्यांनीं दहा हजारांहून अधिक मुलांना जन्मजात व्यंग दिलें, आणि १९६१ च्या नोव्हेंबरांत विडुकिंड लेंट्झ यांनीं तो संबंध उघडकीस आणीपर्यंत कोणाला त्याचा पत्ता नव्हता. अमेरिकेंत फ्रान्सिस केल्सी या बाईंनीं पुराव्यावांचून परवानगी देण्याचें नाकारलें, म्हणून तो देश बव्हंशीं वांचला. त्याच देशांत, त्याच प्रशासनाच्या शिक्क्यानें, वीस वर्षांनीं दुसरें गर्भघातक औषध बाजारांत आलें, आणि तेंहि जाणूनबुजून. हा अधिकाऱ्यांचा निष्काळजीपणा होता असें म्हणणें सोपें आहे. परंतु पेक यांचे ते चौदा रुग्ण डोळ्यांसमोर आणले म्हणजे इतकें सोपें राहत नाहीं. थॅलिडोमाइडला पर्याय पुष्कळ होते. याला पर्याय नव्हता. चूक झाली ती परवानगी देण्यांत नव्हे, तर एक छापील इशारा पुरेसा आहे असें मानण्यांत. शिवाय तीव्र रोगासाठीं मान्य झालेलें औषध पाहतां पाहतां मध्यम आणि सौम्य रोगासाठींहि लिहून दिलें जाऊं लागलें. जेथें लाभाचें पारडें हलकें होतें, तेथेंहि धोक्याचें पारडें तेवढेंच जड राहिलें.

आणि या तराजूंत एक चमत्कारिक दोष होता. इतर औषधांत लाभ ज्याचा, हानीहि बहुधा त्याचीच. म्हणून रोगी आपल्यापुरता निर्णय घेऊं शकतो. येथें लाभ एकीच्या चेहऱ्यावर दिसणार, आणि सर्वांत मोठी हानि होणार ती अजून अस्तित्वांतच नसलेल्या दुसऱ्या जीवाची. डॉक्टरांनीं चेहरा पाहिला. जें दिसत नव्हतें तें पत्रकावर सोंपविलें.

एप्रिल १९८८ मध्यें प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढें या प्रश्नाची उघड सुनावणी झाली. कंपनीकडे नोंदलेल्या प्रकरणांहून प्रत्यक्ष बाधित मुलांची संख्या कितीतरी अधिक असावी, असें प्रशासनांतील कांहीं अधिकाऱ्यांचें म्हणणें होतें; कंपनीला तें मान्य नव्हतें. औषध बाजारांतून काढून घ्यावें असें मत मांडणारे होते, आणि आमच्या रुग्णांना दुसरा आधार नाहीं असें सांगणारे त्वचारोगतज्ज्ञहि होते. अखेर बंदी आली नाहीं, निर्बंध आले. व्यंग असलेल्या अर्भकाचें रेखाचित्र दाखविणारें पत्रक, सहीचें संमतिपत्र, औषधापूर्वीं गर्भपरीक्षा, संततिप्रतिबंधाचे दोन उपाय, आणि प्रत्येक गोळीच्या वेष्टनावर गर्भवती स्त्रीच्या आकृतीवर मारलेली आडवी फुली.

त्या फुलीची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. या चिन्हाचा अर्थ स्त्रियांना काय वाटतो हें पुढें एका अभ्यासांत पाहण्यांत आलें, तेव्हां असें आढळलें कीं कांहीं स्त्रियांना हीं संततिप्रतिबंधाचीच गोळ्यांची पाकिटें आहेत असें वाटलें. म्हणजे जें चिन्ह गर्भ राहूं देऊं नका असें सांगण्यासाठीं काढलें, त्याचा अर्थ या गोळीनें गर्भ राहणार नाहीं असा झाला. समितींत बसलेल्या विद्वानांना असलें वाचन कधीं सुचलें नसतें.

निर्बंध मग उत्तरोत्तर कडक होत गेले. २००२ सालीं एक नवी योजना आली, आणि १ मार्च २००६ पासून ‘आयप्लेज’ ही सक्तीची नोंदवही सुरू झाली. तींत औषध लिहिणारा डॉक्टर, विकणारा दुकानदार आणि घेणारा रुग्ण, मग तो पुरुष का असेना, सर्वांनीं नांव नोंदविल्यावांचून एक गोळीहि मिळेनाशी झाली. मूल होण्याच्या वयांतील स्त्रीला दर महिन्याला गर्भपरीक्षा बंधनकारक झाली. इतका खटाटोप केल्यावर गर्भधारणा थांबल्या असतील अशी अपेक्षा होती. कॅलिफोर्नियांतील एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून २०११ सालीं काढलेला हिशेब असा: नव्या नोंदवहीपूर्वीं दर हजार उपचारक्रमांमागें ३.११ गर्भधारणा होत, नंतर २.६७. हा फरक नगण्य होता. संबंध देशाचा विचार केला तर १९९७ ते २०१७ या काळांत प्रशासनाकडे अशा ६७४० गर्भधारणांची नोंद झाली. २००६ सालीं ती वर्षाला ७६८ पर्यंत चढली आणि २०११ नंतर २१८ ते ३१० च्या दरम्यान राहिली. आंकडा उतरला खरा, परंतु शून्याच्या जवळपासहि तो गेला नाहीं. वहींत नांव लिहिल्यानें माणसाच्या आयुष्यांतील अनपेक्षित गोष्टी थांबत नाहींत. उलट, संगणकांतील एखाद्या चुकीमुळें किंवा मुदतीचा एक दिवस हुकल्यामुळें औषध मध्येंच तुटलेल्या स्त्रिया पुष्कळ झाल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्यें ती सर्व व्यवस्था नव्या यंत्रणेवर हलवितांना तर देशभर गोंधळ उडाला.

भारतांत हें औषध अनेक कंपन्या बनवितात आणि तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावें असा नियम आहे. पण प्रत्येक रुग्णाची अमेरिकेसारखी नोंदवही येथें नाहीं. सर्व भार डॉक्टर आणि रुग्ण यांच्यांतील संभाषणावर पडतो. तें संभाषण मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांत किती अवघड असतें हें कल्पनेनेंहि समजेल. पंचवीस-सव्वीस वर्षांची अविवाहित मुलगी बहुधा आईबरोबर आलेली असते. तिला संततिप्रतिबंधाविषयीं विचारणें डॉक्टरांना संकोचाचें वाटतें, आणि आईच्या देखत खरें उत्तर देणें मुलीला त्याहून कठीण. लग्न ठरलें म्हणून चेहरा लवकर स्वच्छ व्हावा, या घाईनें औषध सुरू करणारी मुलगी तर सर्वांत अधिक जपण्याजोगी. कारण औषधाचा क्रम आणि विवाहाचा मुहूर्त एकमेकांवर येऊन आदळण्याचा संभव असतो. आईला क्षणभर बाहेर बसावयास सांगणें हा येथें उपचाराचाच एक भाग समजला पाहिजे.

दुसरा वाद मनाच्या आरोग्याचा. हें औषध घेणाऱ्या कांहीं रुग्णांना खिन्नतेनें ग्रासल्याच्या आणि आत्महत्येच्या वार्ता आल्यावरून १९९८ सालीं अमेरिकेंत औषधाच्या पत्रकांत तसा इशारा घालण्यांत आला. मिशिगनचे लोकप्रतिनिधि बार्ट स्टुपॅक यांच्या तरुण मुलानें २००० सालीं आत्महत्या केली. तो हें औषध घेत होता, आणि पित्यानें त्या दुःखाला काँग्रेसच्या चौकशीचें रूप दिलें. अशा वेळीं आंकडे पुढें करणें निष्ठुरपणाचें दिसतें. पण आंकड्यांवांचून निवाडाहि होत नाहीं. स्वीडनमध्यें हें औषध घेतलेल्या ५७५६ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१० सालीं जें निष्पन्न झालें तें विचार करण्याजोगें आहे. आत्महत्येच्या प्रयत्नांचें प्रमाण औषध सुरू होण्यापूर्वींच चढूं लागलें होतें, आणि उपचार संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत तें सर्वांत अधिक होतें. म्हणजे रोगाचा वांटा मोठा होता, आणि औषधाचा वांटा नाहींच असेंहि सिद्ध झालें नाहीं. २०२३ सालीं पंचवीस अभ्यासांतील सोळा लक्षांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करण्यांत आली, तेव्हां एकंदर समाजांत या औषधामुळें तसा धोका वाढल्याचें दिसलें नाहीं. सरासरीचें हें आश्वासन एकेका रुग्णाला लागू पडेलच असें नाहीं. ब्रिटनच्या औषध-नियामकांनीं त्याच वर्षीं असा दंडक घातला कीं, अठरा वर्षांखालील रुग्णाला हें औषध देण्यास दोन स्वतंत्र तज्ज्ञांची संमति हवी. प्रौढ रुग्णाच्या बाबतींत मात्र घरांतील माणसांनीं बोलणें-चालणें, झोंप आणि उदासपणा यांकडे लक्ष ठेवणें हाच मुख्य पहारा.

प्रौढांचा तराजू अल्पवयीनांच्या तराजूहून निराळा आहे, हें या औषधाच्या पहिल्या वीस वर्षांत फारसें कोणीं बोलून दाखविलें नाहीं. प्रौढाचा रोग सहसा गांठींचा नसतो. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनें महिन्याच्या महिन्याला उठणारा, मध्यम, पण चिवट असा असतो. त्याला पेक यांच्या रुग्णांएवढी मोठी मात्रा लागत नाहीं. इस्राएलमध्यें ६३८ रुग्णांना सहा महिने रोज वीस मिलिग्रॅम एवढेंच औषध देण्यांत आलें. २००६ सालच्या त्या वृत्तांताप्रमाणें एकवीस ते पस्तीस वर्षांच्या रुग्णांत शेंकडा ९२ हून अधिक जणांना गुण आला. लहान मात्रेनें ओंठ कमी फुटतात, सांधे कमी दुखतात, आणि म्हणून रोगी व डॉक्टर दोघेहि निर्धास्त होऊं लागतात. नेमका येथेंच घात आहे. मात्रा घटविल्यानें घटतात ते अंगावर दिसणारे त्रास; गर्भाला निर्धोक अशी कोणतीहि मात्रा आजवर ठरलेली नाहीं. सौम्य वाटणारी गोळी गर्भाला सौम्य नसते.

स्त्रियांना दुसरे मार्गहि आतां आहेत. स्पायरोनोलॅक्टोन हें मूळचें रक्तदाबाचें आणि सूज उतरविण्याचें औषध. ब्रिटनमध्यें ४१० प्रौढ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत, पोकळ गोळ्या घेतलेल्या स्त्रियांपेक्षां तें घेतलेल्या स्त्रियांची त्वचा अधिक सुधारली. तेंहि गर्भारपणांत घेत नाहींत, आणि बंद केल्यावर रोग परतण्याचा संभव राहतो. ज्या स्त्रीला लवकरच मूल हवें आहे तिच्यासाठीं आयसोट्रेटिनॉइनचा पांच-सहा महिन्यांचा क्रम आधीं उरकून घेणें हें वर्षानुवर्षें दुसरीं औषधें घेत राहण्याहून कधीं कधीं अधिक शहाणपणाचें ठरतें. कारण हें औषध शरीरांत फार काळ रेंगाळत नाहीं. त्याचेंच एक चुलत भावंड, सोरायसिसवरील एट्रेटिनेट, चरबींत वर्षानुवर्षें मुरून राही, आणि त्या दोषापायीं अमेरिकेंतील बाजारांतून तें १९९८ सालीं नाहींसें झालें. आयसोट्रेटिनॉइनच्या बाबतींत शेवटल्या गोळीनंतर एक महिना थांबणें पुरेसें मानतात. त्या एका महिन्यांत, आणि औषध चालूं असतांनाहि, पुरुषानें काय किंवा स्त्रीनें काय, रक्तदान करावयाचें नाहीं. कारण तें रक्त एखाद्या गर्भवतीला चढविलें जाण्याचा संभव असतो.